गाण्याची वाट : भुकूम ते मिरज

गाणें ऐकण्यासाठीं माणसानें किती दूर जावें? या प्रश्नाचें उत्तर आज फार सोपें झालें आहे. कोठेंच जाऊं नये, हें तें उत्तर. खिशांतल्या मोबाइलवर बोट ठेवावें आणि शंभर वर्षांपूर्वींची ध्वनिमुद्रिका कानाशीं यावी, अशी सोय घरोघर झाली आहे. असें असतां शेंकडों माणसें दरसाल अंथरूण-पांघरूण बरोबर घेऊन, लांबचा रस्ता तुडवून, उघड्या आभाळाखालीं मांडी घालून गाणें ऐकावयास जातात. याला हौस म्हणावें कीं वेड म्हणावें? माझ्या मतें ही एक जुनी रीत आहे. तिला इतिहास आहे आणि तिचें म्हणून एक शास्त्रही आहे. त्या दोहोंचा थोडा विचार आज श्रोत्यांपुढें ठेवावयाचा आहे. उदाहरणासाठीं मीं आमच्या भुकूमपासून मिरजेपर्यंतची वाट निवडली आहे.

भुकूम हें मुळशी तालुक्यांतलें गांव पुण्याहून पौडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भूगांव आणि पिरंगुट यांच्या दरम्यान आहे. पुण्याच्या पश्चिम भागांतून वाहणारी रामनदी याच परिसरांत, खाटपेवाडीच्या बाजूस उगम पावते. आज पुणें शहर वाढत वाढत आमच्या वेशीला येऊन टेकलें आहे. परंतु आमच्या आजोबांच्या पिढीला पुणें हाच एक प्रवास होता. आंबेमोहोराचीं पोतीं बैलगाडींत घालावयाचीं, चांदणीच्या उजेडांत बैल जुंपावयाचे आणि दिवस वर येण्याच्या आंत बाजार गांठावयाचा. कोणत्या चढावर बैलांना दम द्यावा, कोठें पाणी पाजावें, हें सारें आधीं ठरलेलें असे. ‘निघूं या, पुढचें पुढें पाहूं’ ही भाषा त्या लोकांना परवडणारी नव्हती.

गाण्यासाठीं केलेल्या लांबच्या प्रवासाचा मोठा धडा मात्र त्यांना बाजारानें दिला नाहीं; तो वारीनें दिला. पंढरीच्या वारीकडे आपण भक्तीच्या दृष्टीनें पाहतों, आणि तें योग्यच आहे. पण क्षणभर निराळ्या दृष्टीनें पाहा. हजारों माणसें, सुमारें अडीचशें किलोमीटरांची वाट, अठरा-वीस दिवसांची चाल, आणि त्या साऱ्या वाटेवर अखंड गायन! टाळ, वीणा, पखवाज हींच वाद्यें आणि आभाळ हाच मंडप. तुकाराममहाराजांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनीं इ. स. १६८५ च्या सुमारास पालखीचा सोहळा सुरू केला. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हैबतबाबा आरफळकर यांनीं आळंदीच्या सोहळ्याला स्वतंत्र रूप दिलें. हैबतबाबा हे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरीं राहिलेले गृहस्थ. लष्कराची शिस्त त्यांच्या अंगीं मुरलेली होती, आणि तीच त्यांनीं वारीला लावली. अंकलीच्या शितोळे सरदारांनीं घोडे, तंबू वगैरे सरंजाम पुरविला.

ही शिस्त कशी होती, नव्हे आजही आहे, तें पाहण्यासारखें आहे. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो. कोणती रथापुढें व कोणती रथामागें, हें ठरलेलें असतें. दिंडींत पताकावाले पुढें, त्यांच्यामागें टाळकरी, मधोमध पखवाज आणि विणेकरी, आणि पाठीमागें तुळशी व पाण्याचे हंडे डोईवर घेतलेल्या स्त्रिया. मुक्कामाचीं गांवें ठरलेलीं, निघण्याची वेळ ठरलेली. संध्याकाळीं मुक्कामावर समाजआरती होते. चोपदारानें चोप उंचावला कीं एवढा जनसागर गप्प होतो. मग ज्या दिंडीची कांहीं तक्रार असेल तिनें टाळ वाजवीत राहावयाचें. चोपदार तिच्याकडे जाऊन ती ऐकून घेतो. वाटेंत हरवलेल्या व सांपडलेल्या वस्तूंचा पुकाराही तेथेंच होतो. लांबच्या प्रवासांत माणसें भांडतात आणि सामान हरवतें, हें हैबतबाबांनीं गृहीत धरलें आणि त्याची सोय रोजच्या कार्यक्रमांतच करून ठेवली! नियोजन याहून निराळें काय असतें?

आतां मिरजेकडे वळूं. पटवर्धनांच्या संस्थानांतील हें गांव महाराष्ट्राच्या संगीताच्या इतिहासांत एखाद्या मोठ्या जंक्शनासारखें आहे. उत्तरेकडची गायकी दक्षिणेंत उतरली ती याच भागांत, आणि ती उतरली ती माणसांच्या पायांनीं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांनीं दूर ग्वाल्हेरपर्यंत जाऊन, गुरुसेवा करून तेथील ख्यालगायकी मिळविली व ती महाराष्ट्रांत आणली. ते मिरजेंत असतांना कुरुंदवाडचा एक मुलगा त्यांच्याकडे शिकावयास आला. फटाक्यानें त्याची दृष्टि अधू झाली होती. तोच मुलगा पुढें पंडित विष्णु दिगंबर पलुसकर म्हणून सर्व हिंदुस्थानाला माहीत झाला. १८९६ मध्यें विष्णु दिगंबरांनीं मिरज सोडली, गांवोगांव फिरत ते उत्तरेंत गेले आणि १९०१ मध्यें त्यांनीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय स्थापन केलें. राजवाड्यांत व श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत कोंडलेलें गाणें सामान्य गृहस्थापुढें मांडण्याचें मोठें श्रेय त्यांच्याकडे जातें. मिरजेहून निघालेल्या एका माणसाच्या भटकंतीचें हें फळ आहे.

जसे विष्णु दिगंबर मिरजेहून उत्तरेस गेले, तसे उत्तरेंतून एक गायक मिरजेस आले. ते म्हणजे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. त्यांचा जन्म १८७२ सालीं आजच्या उत्तर प्रदेशांतील किराणा या गांवीं झाला. बडोदें, मुंबई, मिरज, धारवाड, म्हैसूर असा त्यांचा सारा जन्म प्रवासांत गेला. परंतु बिऱ्हाड म्हणून त्यांनीं आपलें मानलें तें मिरजेस. मिरजेंत आजारी पडले असतां मीरासाहेबांच्या दर्ग्यांत सेवा केल्यानें आपणांस आराम पडला, अशी त्यांची श्रद्धा होती, असें सांगतात. तेव्हांपासून ते दर्ग्यांत गाऊं लागले. त्यांचा अंतही प्रवासांतच झाला. १९३७ च्या ऑक्टोबरांत ते दक्षिणेंत दौऱ्यावर होते. पाँडिचेरीकडे जातांना आगगाडींत त्यांच्या छातींत कळ आली. सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्टेशनावर ते उतरले, फलाटावर अंथरूण घातलें, तंबोरा लावला आणि दरबारीचे स्वर आळवीत त्यांनीं देह ठेवला. ती तारीख २७ ऑक्टोबर १९३७. त्यांना मिरजेस आणून दर्ग्याच्या आवारांतच दफन करण्यांत आलें.

त्यांच्या स्मृतीसाठीं दर्ग्याच्या उरुसांत संगीतसभा भरूं लागली. ना मोठें सभागृह, ना मखमली खुर्च्या. दर्ग्याचें आवार आणि चिंचेचें झाड, एवढाच थाट. गायक-वादक येथें येतात ते बिदागीसाठीं नव्हे, हजेरी देण्यासाठीं. हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी अशा किराणा परंपरेंतल्या थोर मंडळींनीं येथें सेवा रुजू केली. श्रोत्यांत शेतकरी असतो, वकील असतो, हमाल असतो. याच उरुसांत पहिल्या गलेफाचा मान चर्मकार समाजाकडे आहे. गाणाऱ्याला जात विचारण्याची किंवा ऐकणाऱ्याला तिकीट विचारण्याची येथें रीत नाहीं. एका मुसलमान गवयाच्या कबरीशेजारीं बसून हिंदु गायकानें भक्तिगीत आळवावें आणि दोन्ही समाजांनीं तें डोळे मिटून ऐकावें, हा देखावा पुस्तकांतल्या दहा उपदेशांहून अधिक शिकवून जातो. माझ्यासारख्या जन्मभर खडू झिजविलेल्या माणसानें हें सांगावें, यांत सारें आलें.

खाँसाहेबांचे पट्टशिष्य रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व. त्यांचें गांव कुंदगोळ हुबळीजवळ. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांची कथा तर आमच्या विषयाशीं अगदीं जवळची आहे. १९३३ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, गुरु शोधण्यासाठीं हा मुलगा घर सोडून निघाला. जवळ पैसा नाहीं, तिकीट नाहीं, ओळख नाहीं. पुणें, ग्वाल्हेर अशीं ठिकाणें हिंडत तो थेट जालंधरला पोंचला. जालंधरला हरिवल्लभ संगीत संमेलन १८७५ पासून भरत आलें आहे. तेथें मूळचे मिरजेचेच पंडित विनायकबुवा पटवर्धन यांची गांठ पडली, आणि त्यांनीं त्याला सांगितलें कीं, तूं इतक्या दूर कशाला आलास? तुझ्या घराजवळच रामभाऊ कुंदगोळकर आहेत, त्यांच्याकडे जा. मुलगा परत फिरला आणि पुढचें सर्वांस ठाऊक आहे. असा प्रवास भीमसेनांसारख्या एखाद्यालाच साधतो. त्याचा दाखला देऊन कोणी बिनतयारीनें घराबाहेर पडूं लागेल, तर त्यानें एवढें ध्यानांत ठेवावें कीं, ज्यांना जालंधर सांपडलें नाहीं अशा मुलांच्या कथा कोणी लिहून ठेवीत नाहीं.

सवाई गंधर्व १९५२ च्या सप्टेंबरांत निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यांत जो महोत्सव आर्य संगीत प्रसारक मंडळानें सुरू केला, तो आज साऱ्या देशांत प्रसिद्ध आहे. यांत एक गंमत आहे. १९५२ सालीं आकाशवाणीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. पुण्याचें आकाशवाणी केंद्र सुरू झालें तें २ ऑक्टोबर १९५३ रोजीं. म्हणजे गाणें घरीं बसून ऐकण्याची सोय ज्या काळांत झाली, त्याच काळांत थंडींत कुडकुडत मैदानांत बसून गाणें ऐकण्याची प्रथाही पुण्यांत रुजली! एकीनें दुसरीला मारलें नाहीं, उलट जगविलें. नभोवाणीवर ज्याचा आवाज ऐकला त्याला प्रत्यक्ष पाहावें, त्याच्या समोर बसून तो स्वर कसा लावतो तें अनुभवावें, अशी ओढ लोकांना लागली. म्हणून यंत्र आलें कीं मैफल संपणार, असें भाकीत करणाऱ्यांनीं जरा सबुरीनें घ्यावें.

वाटेचें रूपही दरम्यान पालटत गेलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सदर्न मराठा रेल्वेची अरुंद रुळांची गाडी पुण्याहून मिरजेस जाऊं लागली. १९७१ मध्यें तो मार्ग रुंद झाला. १ जून १९४८ रोजीं पुणें–अहमदनगर (आजचें अहिल्यानगर) या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली मोटार धांवली आणि हळूहळू एस. टी. गांवोगांव पोंचली. आज भुकूमहून निघालेली मोटार चांदणी चौकांत महामार्गाला लागते व शहरांत न शिरतां दक्षिणेकडे वळते. वारीला जेवढी वाट चालण्यास अठरा-वीस दिवस लागतात, जवळजवळ तेवढीच वाट ही मोटार पांच-सहा तासांत तोडते.

आणि येथेंच खरा धोका आहे. वाट सोपी झाली, म्हणून आपण ती हलकी समजूं लागलों. ‘दुपारीं निघूं, रात्रीं गाणें ऐकूं आणि पहांटे परत येऊन सकाळीं कामावर हजर होऊं,’ असा बेत मीं अनेक तरुणांच्या तोंडून ऐकला आहे. ऐकावयास तो फार कर्तबगारीचा वाटतो. आमच्या गांवच्या भजनी मंडळांतला एक उत्तम पखवाजी अशाच परतीच्या प्रवासांत दगावला. गाडी हांकणारा त्याचाच मित्र; दिवसभर काम करून, रात्रभर जागून चाकावर बसलेला. पहांटेची एक डुलकी पुरली. त्यानंतर वर्षभर आमच्या काकड्याला पखवाज वाजला नाहीं. बैल थकला कीं थांबत असे. मोटार थांबत नाहीं. चालणाऱ्याचे पाय त्याला विसांवा घ्यावयास लावीत. मोटारींत बसलेल्याला तसें सांगणारें कोणी नाहीं. म्हणून जी शिस्त पूर्वीं शरीर लावीत असे, ती आतां बुद्धीनें लावून घेतली पाहिजे.

रात्रीच्या मैफलीसंबंधीं आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पूर्वीं अशा सभा रात्रभर चालत. संध्याकाळीं पूरिया किंवा मारवा, रात्र चढली कीं बागेश्री, मग मालकंस, दरबारी, आणि उजाडतांना ललत व भैरव, असा रागांचा प्रवास श्रोत्याला आपल्याबरोबर नेत असे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनीं रात्रीं दहा ते सकाळीं सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपकास बंदी झाली. वर्षांतले फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देतां येते. नियम आजाऱ्यांच्या, वृद्धांच्या व विद्यार्थ्यांच्या हिताचा आहे, आणि त्याविरुद्ध ओरड करणें बरें नव्हे. परंतु मध्यरात्रीनंतरचे राग उघड्या मैफलींतून दुर्मिळ झाले, ही हानिही खरी आहे. कांहीं संस्थांनीं यावर सकाळच्या सत्रांचा उपाय योजला आहे. ज्याला पहांटेचे राग ऐकावयाचे असतील त्यानें मुक्काम केलाच पाहिजे. म्हणजे फिरून नियोजनच आलें!

तर मग भुकूमहून चार कुटुंबांना मिरजेच्या उरुसास जावयाचें आहे, असें समजूं. पहिली गोष्ट, दिवस. उरूस इंग्रजी महिन्याच्या ठराविक तारखेस येत नाहीं. तेव्हां मिरजेहून नक्की दिवस समजल्यावांचून रजा टाकूं नये. दुसरी गोष्ट, मुक्काम. उरुसांत गांव माणसांनीं फुलून जातें, म्हणून राहण्याची जागा महिनाभर आधीं ठरवावी. तिसरी गोष्ट, माणसें. दिंडीला जसा विणेकरी तसा प्रवासाला एक प्रमुख नेमावा. नांवांची यादी, औषधें आणि वर्गणीचा हिशेब त्याच्या हातीं असावा, आणि त्याचा शब्द सर्वांनीं मानावा. प्रत्येक मोटारींत गाडी चालविणारे दोघे असावेत. हें जमत नसेल तर सरळ आगगाडी धरावी. तींत कमीपणा कांहीं नाहीं.

निघावें पहांटे पांचाच्या सुमारास. कात्रजचा बोगदा ओलांडून खेड-शिवापूर, शिरवळ करीत खंबाटकीचा घाट चढावा. साताऱ्याच्या आसपास न्याहारी आणि अर्धा तास विसांवा. मग उंब्रज, कराड. पुढें पेठ नाक्याशीं महामार्ग सोडून आष्ट्यावरून सांगली, आणि सांगलीस कृष्णा ओलांडली कीं मिरज हाकेवर. दोन तासांहून अधिक काळ एकानें चाकावर बसूं नये. दुपारपूर्वीं पोंचावें, जेवावें आणि निजावें. हें निजणें चैनीचें नव्हे. रात्रीं जागें राहून ऐकण्याची ती तयारी आहे.

ऊन उतरल्यावर मुलांना सतारमेकरांच्या वस्तींत न्यावें. हत्यारांना धार लावणारे शिकलगार कारागीर एकोणिसाव्या शतकांत तंतुवाद्यांकडे वळले, आणि फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनीं मिरजेच्या तंबोऱ्याची कीर्ति देशभर नेली. तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूरच्या बाजूनें येतात. ज्या भीमाकांठीं वारीचें गाणें पोंचतें, तेथलाच भोपळा दरबारीच्या षड्जाला आधार देतो, हा योग मुलांना अवश्य सांगावा. २०२४ मध्यें मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालें.

बरोबर सतरंजी, शाल, पाण्याची बाटली आणि वृद्धांसाठीं पाठ टेकण्याची कांहीं सोय असावी. आवारांत शिरतांना पादत्राणें बाहेर ठेवावीं व डोकें झांकावें. गाणें चालू असतां मोबाइल बंद असावा. जें ऐकण्यासाठीं अडीचशें किलोमीटर आलों तें काचेच्या तुकड्यांतून पाहण्यांत शहाणपण नाहीं. जाण्यापूर्वीं आठवडाभर घरांत खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिका ऐकाव्या. वाटेची तयारी जशी गाडीची, तशी ती कानाचीही आहे. आणि परतावें दुसऱ्या दिवशीं, पुरी झोंप झाल्यावर, उजेडांत. एक दिवसाची रजा अधिक पडेल. ती पडूं द्यावी.

हा सारा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर इतिहासांतच आहे. उघड्यावरच्या संगीतसभेला ना राजाश्रय असतो, ना भिंती. तिला जगवितो तो दुरून येणारा श्रोता. गवयानें गुरूसाठीं वाट तुडविली म्हणून विद्या आली. श्रोत्यानें गवयासाठीं वाट तुडविली म्हणून ती टिकली. यांतला एक जरी दुवा तुटला, तरी चिंचेच्या झाडाखालची ती जागा मोकळी पडावयास वेळ लागणार नाहीं. म्हणून माझी सुशिक्षित कुटुंबांना विनंती अशी कीं, वर्षांतून एकदां तरी घरांतल्या म्हाताऱ्यांना व मुलांना बरोबर घेऊन अशी एक वाट चालावी. ती विचारपूर्वक आंखावी, शिस्तीनें पार पाडावी, आणि सर्वांनीं सुखरूप घरीं यावें. गाणें ऐकून परत आलेला माणूसच पुढच्या वर्षीं दुसऱ्याला घेऊन जाऊं शकतो.